यंत्र भंगारात काढण्यापूर्वी एकदा पाना हाती घ्या

आमचा आजचा विषय लहान आहे. इतका लहान, की तो चिमटीत मावतो. पण या लहान वस्तूपायी आपल्या कारागीर बांधवांचे हजारो रुपये, आठ-आठ दिवसांची रोजी आणि कित्येकदा कायमचे गिऱ्हाईक हातचे जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच व्यापार-उद्योगाच्या या पानावर आज आम्ही ढिल्या झालेल्या स्क्रूविषयी लिहीत आहोत.

कामशेतकडच्या एका सुतार बांधवाने संगणकावर चालणारे कोरीवकामाचे छोटे यंत्र घेतले. सीएनसी राऊटर म्हणतात ते हेच. नावाच्या पाट्या, जाळ्या, घड्याळाच्या तबकड्या, रेहाल अशा वस्तू तो त्यावर करतो. मागच्या पावसाळ्यात लोणावळ्यातील एका बंगल्याच्या सागवानी पाटीचे काम त्याच्याकडे आले. पहिल्या पाटीची शेवटची दोन अक्षरे बाजूला सरकली. दुसऱ्या पाटीवर गोल अक्षर चपटे आले. तिसरी पाटीही वाया गेली. त्याने शहरातील एका जाणकाराला फोन केला. यंत्र न पाहताच त्या जाणकाराने मोटार आणि सर्किट दोन्ही बदलण्याचा सल्ला दिला. खर्च यंत्राच्या निम्म्या किमतीएवढा. आम्ही सहज भेटीला गेलो तेव्हा तो म्हणाला, "भाई, मशीनच खराब निघाली. भंगारात देतो आणि पुन्हा पटाशी हातात घेतो."

आम्ही यंत्राची वायर काढायला सांगितली आणि बीट धरणारा भाग हाताने उजवी-डावीकडे हलवून पाहिला. केसभर हलला. मोटारीच्या दांड्यावर जी दातेरी पुली असते, तिला दांड्यावर घट्ट धरणारा बारीक ग्रब स्क्रू ढिला झाला होता. तो आवळला आणि चौथी पाटी बरोबर निघाली. पण तोवर सागवानाच्या तीन फळ्या गेल्या होत्या आणि बंगल्याच्या मालकाने ते काम दुसऱ्या दुकानात दिले होते.

आमचे मत स्पष्ट आहे. यंत्र घेणे म्हणजे अर्धाच धंदा. उरलेला अर्धा म्हणजे ते यंत्र स्वतःच्या हाताने तपासता येणे. ज्याला आपल्या यंत्राचा स्क्रू आवळता येत नाही, तो त्या यंत्राचा मालक नसून गुलाम आहे.

ढिलेपणा येतो कोठून?

संगणकाच्या हुकमाने चालणारे यंत्र ही काही कालची गोष्ट नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 1952 साली अशा यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. तेव्हाचे यंत्र खोली भरून टाकणारे होते. पुढे आर्डुइनोसारखी स्वस्त सर्किटे 2005 नंतर आणि ग्रबल हा फुकट मिळणारा प्रोग्राम 2009 पासून आला, तेव्हा हेच काम टेबलावरच्या यंत्राला जमू लागले. आपल्याच जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी 1983 साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात 2002 साली एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली आणि खेड्यातील मुले अशा यंत्रांवर हात बसवू लागली. तेव्हा हे आपल्या आवाक्यातले नाही, असे कोणी म्हणू नये.

मात्र कारखान्यातील यंत्र आणि आपले यंत्र यांत एक फरक आहे. कारखान्यातील यंत्राचा सांगाडा जाड बिडाचा, काही टन वजनाचा असतो. तो थरथर पिऊन टाकतो. आपले यंत्र ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांचे किंवा एमडीएफच्या फळ्यांचे, नटबोल्टने जोडलेले. त्यात थरथर जिरत नाही, ती थेट बोल्टपर्यंत पोहोचते. बोल्ट उभ्या ओढीने सहसा सुटत नाही. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे घासू लागले की तो आपोआप उलटा फिरतो. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी 1969 साली प्रयोगांनी हे सिद्ध केले. त्यातून एक कडू सत्यही पुढे आले. आपण मोठ्या भरवशाने टाकतो तो स्प्रिंग वायसर या आडव्या थरथरीपुढे जवळजवळ निरुपयोगी ठरतो. बोल्टला धरून ठेवते ती त्याची स्वतःची ताण, म्हणजे योग्य आवळणी.

दुसरे कारण आपल्या हवेत आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत लाकूड आणि एमडीएफ ओल पिऊन फुगतात. बोल्टने जखडलेली फळी फुगली की वायसरखालचे तंतू चिरडले जातात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की फळी आकसते, पण चिरडलेले तंतू पुन्हा उभे राहत नाहीत. बोल्ट जागच्या जागी असतो, नट फिरलेलाही नसतो, तरी जोड ढिला! म्हणून घाटमाथ्यावरच्या कारागिराने वर्षातून दोन वेळा, एकदा पाऊस सुरू झाल्यावर आणि एकदा दिवाळीनंतर, यंत्राचा प्रत्येक बोल्ट तपासलाच पाहिजे. लाकडावर नेहमी रुंद वायसर वापरावा, म्हणजे दाब पसरतो.

घाटातील चावीवाल्याकडून शिका

बोर घाटातील रेल्वे 1863 सालापासून चालू आहे. त्या रुळांवरून रोज एक माणूस पायी चालत जातो. रेल्वे त्याला कीमन म्हणते, आपण चावीवाला म्हणतो. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन तो आपल्या हद्दीतले रुळांचे जोड पाहतो, ढिले दिसले ते ठोकतो, आवळतो. गाडी घसरल्यावर तो निघत नाही, गाडी घसरू नये म्हणून निघतो. आपल्या गाळ्यात आपणच आपले चावीवाले झाले पाहिजे. सकाळी पाच मिनिटे, काम सुरू करण्याआधी.

तपासणीचा क्रम आम्ही सांगतो तसा ठेवावा. प्रथम वीज बंद करून वायर बाहेर काढावी. बटन बंद करणे पुरेसे नाही. मग बीट धरणारा भाग हाताने तिन्ही दिशांना हळूच हलवून पाहावा. एखादा भाग दुसऱ्याआधी हलला, टक असा आवाज आला, तर ढिलेपणा त्या दोन भागांच्या मधेच आहे. एक बोट जोडावर ठेवून दुसऱ्या हाताने हलवावे. डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला कळते.

हाताने सापडले नाही तर यंत्राकडूनच कबुलीजबाब घ्यावा. बीट काढून तेथे पेन बांधावे आणि कागदावर 100 मिलिमीटरचे वर्तुळ काढायला लावावे. वर्तुळ जेथे वर, खाली, डावीकडे व उजवीकडे वळते, त्या चार ठिकाणी चपटे किंवा पायरीसारखे आले, तर यंत्र दिशा बदलताना वाया फिरते आहे. पट्टा, पुली, स्क्रूचा नट किंवा कपलिंग यांत प्ले आहे, असे समजावे. वर्तुळ संपते तेथे सुरुवातीच्या टोकाला मिळत नसेल आणि पुढचे प्रत्येक चित्र एकाच बाजूला सरकत असेल, तर पुली दांड्यावर घसरते आहे किंवा मोटार पावले चुकवते आहे. वर्तुळ तिरपे लांबट आले, तर सांगाडा काटकोनात नाही. त्यासाठी 300 मिलिमीटरचा चौरस काढून दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे, म्हणजे 424 मिलिमीटरच्या आसपास भरले पाहिजेत. गवंडी बांधव पाया आखताना कर्ण जुळवतात, तेच हे.

यात पुलीच्या ग्रब स्क्रूकडे सर्वांत आधी पाहावे. हिशोब करून पाहा. दोन मिलिमीटर अंतरावर दाते असलेल्या पट्ट्याची वीस दात्यांची पुली एका फेऱ्यात 40 मिलिमीटर सरकवते. ती दांड्यावर फक्त पाच अंश घसरली तरी अक्षर अर्ध्या मिलिमीटरहून अधिक सरकते. दहा अंशांत एक मिलिमीटरहून अधिक. बारीक नक्षीत एवढी चूक म्हणजे माल गेला.

ग्रब स्क्रू आवळताना तो दांड्याच्या सपाट बाजूवर टेकतो आहे ना, हे पाहावे. गोल बाजूवर टेकला तर कितीही आवळा, आठवड्याभरात पुन्हा सुटेल. दांडा पूर्ण गोल असेल तर कानसेने छोटी सपाट जागा करून घ्यावी. करताना मोटारीत लोखंडाचा कीस जाऊ देऊ नये, फडके गुंडाळावे. एम 3 ग्रब स्क्रूला दीड मिलिमीटरची आणि एम 4 ला दोन मिलिमीटरची ॲलन चावी लागते. चावीचे टोक गोल झाले असेल तर ती फेकून द्यावी. घासलेल्या चावीने स्क्रूचे डोके खराब होते आणि मग तो ड्रिल मारूनच काढावा लागतो.

चाकांवर चालणाऱ्या यंत्रात काही चाकांमागे एका बाजूला जाड असा नट असतो. तो फिरवला की चाक रुळाला जवळ-दूर होते. चाक बोटाने जोर लावून फिरावे, पण मोकळे गरगरू नये, इतकेच आवळावे. अधिक आवळले तर प्लास्टिकचे चाक चपटे होते. बीट धरणारी कॉलेट व तिचा नट दर वेळी भुसा झटकून स्वच्छ करूनच बसवावा. कॉलेटमध्ये भुसा अडकला की बीट कामात असतानाच खाली सरकते आणि खोली चुकते. विजेच्या जोडांचे स्क्रूही थरथरीने सुटतात. वायरच्या टोकाला शिसे लावून ते स्क्रूखाली दाबू नये. शिसे दाबाखाली हळूहळू पसरते आणि जोड पुन्हा ढिला होतो. त्याऐवजी टोकावर धातूची नळी दाबून बसवावी. आणि वीज चालू असताना मोटारीची वायर कधीही काढू अथवा जोडू नये. त्याने सर्किट जळू शकते.

बदलायचे तर काय घ्यायचे?

येथे आमच्या बांधवांची सर्वांत मोठी फसगत होते. आपल्या बाजारात बोल्ट अजूनही सुतावर मागितला जातो. "दोन सुती द्या" म्हटले की दुकानदार पाव इंचाचा बोल्ट देतो. दोन सूत म्हणजे 6.35 मिलिमीटर. यंत्रावर असतो तो एम 6, म्हणजे 6 मिलिमीटर. पाव इंची बोल्टला एका इंचात वीस आटे, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर 1.27 मिलिमीटर. एम 6 चे अंतर बरोबर 1 मिलिमीटर. दीड सुतीचा आणि एम 5 चा घोटाळाही तसाच. दीड सुती बोल्ट 4.76 मिलिमीटरचा. एम 5 च्या नटात तो एक-दोन आटे घेतो, आपल्याला वाटते बसला. पुढे जोर लावला की दोघांचेही आटे जातात.

या घोटाळ्याला इतिहास आहे. इंग्लंडात व्हिटवर्थ यांनी 1841 साली आट्यांचे माप ठरवले, त्यात आट्याचा कोन 55 अंशांचा. अमेरिकेत सेलर्स यांनी 1864 साली 60 अंशांचा कोन धरला. आपल्या देशाने 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, पण जिभेवरचे सूत गेले नाही. आम्ही सुताच्या विरोधात नाही. दाराच्या बिजागरीला सूत चालेल. यंत्राला चालणार नाही. म्हणून जुना बोल्ट खिशात घालून दुकानात जावे आणि व्हर्नियरने मोजून, नट हाताने शेवटपर्यंत फिरवून मगच नवा घ्यावा.

दुसरी गोष्ट दर्जाची. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 12.9 असा आकडा असतो. 8.8 मधील पहिला आठ म्हणजे तुटण्यापूर्वी प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे 800 न्यूटन ओढ सोसणारा. दुसरा आठ म्हणजे त्याच्या ऐंशी टक्के ओढीपर्यंत तो कायमचा ताणला जात नाही. डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट वजनावर स्वस्त मिळतो, पण त्याच्या ताकदीची हमी कोण देणार? एम 5 चा 8.8 बोल्ट पोलादात पाच ते सहा न्यूटन-मीटरपर्यंत आवळता येतो. ॲल्युमिनियमच्या खोबणीत त्याहून कमी. टॉर्कचा पाना नसेल तर ॲलन चावीची आखूड बाजू हातात धरून आवळावे, चावीला पाइप लावून कधीही नाही. पावसाच्या भागात गंज लागू नये म्हणून काहीजण स्टेनलेसचे बोल्ट घेतात. ते योग्यच आहे, पण स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला की दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात. आट्यांवर किंचित ग्रीस लावावे आणि थोडे कमीच आवळावे.

आतमध्ये नायलॉनची कडी असलेला नट थरथरीला चांगला तोंड देतो. पण तो बोटाने सहज फिरू लागला की त्याचे काम संपले, नवा घालावा. जेथे असा नट बसत नाही तेथे आटे पकडणारे द्रव वापरावे. निळे घ्यावे, तांबडे नव्हे. निळे पुन्हा पान्याने सुटते, तांबड्याला जोरात तापवावे लागते. आधी आट्यांवरचे तेल पुसून घ्यावे, एक थेंब पुरे, आणि पूर्ण पकड येण्यासाठी चोवीस तास यंत्र बंद ठेवावे. हे द्रव ॲक्रिलिकला व काही प्लास्टिकना तडे पाडते, तेव्हा त्यांच्यापासून दूर. फळीतले भोक मोठे झाले असेल तर त्यात काडेपेटीच्या काड्या कोंबून वेळ मारून नेऊ नये. पितळी आट्यांची बुशिंग ठोकून घ्यावी किंवा आरपार बोल्ट घालून खाली रुंद वायसर व नट लावावा.

आणि जिवाची काळजी! फिरत्या बीटजवळ हातमोजे नकोत, सैल बाह्या नकोत, गळ्यातला रुमाल नको. डोळ्यांना चष्मा आणि एमडीएफ कापताना तोंडाला मास्क हवाच. ढिला बोल्ट माल बिघडवतो तसा तो बीट तोडून तोंडावरही फेकतो.

आमचे दोन शब्द

हार्डवेअरच्या धंद्यातही आपले पुष्कळ बांधव आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे. एम मापाचे आणि सुताचे बोल्ट एकाच डब्यात मिसळून ठेवू नका. डब्यावर माप आणि दर्जा लिहा. गिऱ्हाईक चुकीचे मागत असेल तर "हेच पाहिजे का, कशाला लावणार?" एवढे विचारा. दोन रुपयांच्या बोल्टची ही इमानदारी पुढे वीस वर्षांचे गिऱ्हाईक देते. माप आणि वजन खरे ठेवण्याची शिकवण आपल्याला नव्याने कोणी द्यायला नको.

कारागिरांना आमची सूचना आहे. व्हर्नियर, चांगल्या ॲलन चाव्यांचा संच, छोटा टॉर्कचा पाना, आटे पाडण्याचे टॅप, डायल गेज ही हत्यारे रोज लागत नाहीत. प्रत्येकाने वेगळी घेण्याची गरज नाही. मावळाच्याच मातीत याचे उत्तर आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची पैसा फंडाची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्याच पैशांतून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. ज्या तालुक्यात एकेका पैशाने कारखाना झाला, तेथे दहा-बारा गाळेवाल्यांना थोडे थोडे घालून हत्यारांची एक सामाईक पेटी करता येणार नाही काय? वडगाव, कामशेत, लोणावळा, तळेगाव, प्रत्येक ठिकाणी एक पेटी आणि ती सांभाळणारा आयटीआय शिकलेला एक तरुण. त्या तरुणालाही त्यातून रोजी मिळेल. सुतारांसाठी 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाबरोबर हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. तिची चौकशी जरूर करावी.

कार्ल्याच्या लेण्यात जाऊन वर मान करून पाहा. दगडाच्या छताखाली लाकडाच्या कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या. मावळाचा पाऊस त्यांनीही सोसला आहे. ज्याने तो जोड बसवला त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, पण जोड अजून बोलतो. आपल्या हातातले यंत्र नवे आहे, कसब तेच लागते. तेव्हा उद्या सकाळी गाळा उघडल्यावर, चहा येण्याच्या आत, वायर काढा, पाना घ्या आणि पुलीपासून सुरुवात करा.